कॉम्प्युटरवर फोडलेला नारळ

काही प्रकरणे फाईल बंद झाली तरी डोक्यातून जात नाहीत. हे त्यातले एक. यात खून नव्हता, दरोडा नव्हता. एक कॉम्प्युटर बिघडला होता, आणि त्यापायी शेजारच्या दिवा गावाहून कामाला येणाऱ्या एका मुलीला अटक होणार होती.

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षे. मी डोंबिवलीच्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. आमच्या हद्दीतल्या पालिकेच्या प्रभाग कार्यालयात घरपट्टीची बिले छापण्यासाठी कॉम्प्युटर आला होता. त्याआधी बिले हाताने लिहीत. कारकून गठ्ठे घरी नेत आणि सुट्टीच्या दिवशी घरातली माणसेही लिहायला बसत. तरीही कॉम्प्युटर आला तेव्हा कार्यालयाच्या फाटकावर मोर्चा निघाला. बंदोबस्ताला मीच होते. युनियनचे पुढारी तिथलेच हेडक्लार्क. खाडीकाठच्या कोळी कुटुंबातले, आवाज भारदस्त, सगळे त्यांना भाऊ म्हणत. हा डबा तुमच्या पोरांच्या ताटातला घास खाणार आहे, मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते.

कॉम्प्युटर चालवायला रोजंदारीवर एक मुलगी घेतली. कार्यालयाच्या प्रमुख साहेबांनी त्या खोलीच्या दारावर सूचना लावली: चपला बाहेर, खाणेपिणे बंद. शिस्त कडक होती.

दसऱ्याची सुट्टी संपवून मुलीने कॉम्प्युटर सुरू केला आणि आतून धूर निघाला. कंपनीच्या माणसाने तो उघडला. आत काहीतरी ओतलेले आहे, हे आपोआप होत नाही, असे त्याने लिहून दिले. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा दाखल झाला.

त्याच दिवशी आमच्या हवालदाराला चहाच्या टपरीवर खबर मिळाली. सुट्टीच्या आधी मुलीचे साहेबांशी वाजले होते. तिला कायम करणार नाही असे साहेबांनी सांगितले, आणि ती म्हणाली होती, "मग चालवा तुमचं तुम्ही." खोलीची किल्ली तिच्याकडे, रागाला कारण आहे. आमच्या वरिष्ठांना एवढे पुरेसे वाटले. दुसरी किल्ली भाऊंच्या टेबलाच्या खणात असते हे त्यांनाही माहीत होते. पण पुढाऱ्याला हात लावला तर कचऱ्याच्या गाड्या थांबतात. रोजंदारीच्या मुलीसाठी काहीच थांबत नाही.

ते मला म्हणाले, "तुम्ही बोला तिच्याशी. बाईमाणसापुढे रडेल आणि सांगेल."

ती रडली नाही. घरात कमावणारी मी एकटी, असे तिने सुरुवातीलाच सांगितले. भांडण कबूल केले, ते वाक्यही कबूल केले. मग म्हणाली, "मॅडम, ते मशीन बंद पडलं की माझा रोज बंद. मी कशाला मोडेन?"

प्रश्न बरोबर होता. पण निरपराध माणसेही असेच विचारतात आणि अपराधीही. मी तिला सकाळी पुन्हा यायला सांगितले आणि स्टेशन डायरीत नोंद करून प्रभाग कार्यालयात गेले.

तिथे खंडेनवमीची पूजा जोरात झालेली दिसत होती. कपाटांना झेंडूच्या माळा, टाइपरायटरला हळदकुंकू. कागदाला भोके पाडण्याच्या पंचिंग मशीनलाही कुंकवाचे बोट. फक्त कॉम्प्युटर स्वच्छ. साहेबांनी मनाई केली होती म्हणून, असे सगळे म्हणाले. पण तो जरा जास्तच स्वच्छ होता. टेबलावर धूळ होती, यंत्रावर नव्हती. कुणीतरी तो पुसला होता.

ठाण्यात परतल्यावर मी कंपनीच्या माणसाने काढून दिलेला, मुद्देमालात जमा असलेला फ्लॉपी घालायचा भाग मागवला. त्याच्या फटीत तांदळाचे दाणे चिकटले होते.

हवालदार म्हणाले, "उंदरानं नेले असतील, मॅडम."

"उंदीर तांदळाला कुंकू लावून नेत नाही."

त्या अक्षता होत्या. मोडतोड करायला आलेला माणूस अक्षता घेऊन येत नाही. मग पूजा करणाऱ्याने ती का लपवली?

दुसऱ्या दिवशी हजेरी आटोपून मी कार्यालयातल्या शिपायाला गाठले. पूजेचे सामान त्यानेच आणले होते. सगळ्यात शेवटी कोण गेले, असे विचारले. भाऊ, तो म्हणाला. होडीसाठी म्हणून त्यांनी एक नारळ मागून घेतला होता.

भाऊंना मी ठाण्यात बोलावले नाही. त्यांच्याच टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. कॉम्प्युटरचा विषय काढला नाही. गावची चौकशी केली, भावाच्या होडीची केली. नवीन इंजिन बसवल्याचे ते कौतुकाने सांगू लागले. मी विचारले, इंजिनाची पूजा कशी करता?

"साधीच. हळदकुंकू लावायचं. नारळ फोडून पहिलं पाणी इंजिनावर, आणि अक्षता..." ते थांबले. हात टेबलावर तसाच राहिला.

मी म्हणाले, "डिझेलच्या इंजिनाला नारळपाणी चालतं, भाऊ. याला नाही चालत."

मला वेळ नव्हता. "ती मुलगी आमच्या बाकावर बसली आहे. संध्याकाळपर्यंत तिला अटक होईल."

त्यांनी खोलीच्या दाराकडे पाहिले. मग हळू आवाजात बोलले. त्यांची सगळी दिवाळी बिले लिहिण्यात जात असे. शेजारी बायको लिही, तिचे अक्षर त्यांच्यापेक्षा चांगले. यंदा बिले मशीनने छापून दिली. या दिवाळीत बायकोला घेऊन जेजुरीला जायचे ठरले होते. "तिनंच सांगितलं, त्या मशीनला एक नारळ फोडा. कुणी बघायला नको म्हणून लगेच पुसून काढलं. आत पाणी गेलं हे मला ठाऊक नव्हतं, बाई."

"धूर निघाला तेव्हा कळलं असेल."

"कळलं." मग ते म्हणाले, "लिहून घ्या जबाब. पण युनियनच्या पोरांना कळू देऊ नका. साहेबाचा मेमो खाईन मी. फाटकावर काय तोंड दाखवू?"

जबाब लपवता येत नाही असे मी सांगितले. तुम्ही आधी सांगितलेत तर तुमच्या शब्दांत सांगाल, नाहीतर टपरीवरचे लोक त्यांच्या शब्दांत सांगतील.

त्यांनी सही केली. मुलीला मी जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवले. ती फक्त एवढेच म्हणाली, "आजचा रोज बुडाला." तिने आभार मानले नाहीत, आणि मानायचे कारणही नव्हते.

नुकसान करण्याचा हेतू नसल्याने गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल आम्ही कोर्टाला पाठवला. साहेबांनी भाऊंना मेमो दिला. कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आला आणि मुलगी पुन्हा त्याच्यासमोर बसली.

युनियनच्या फाटकावरच्या सभेला मी बंदोबस्ताच्या निमित्ताने गेले. भाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन मी बिघडवलं. मोडायला नव्हतो गेलो, पूजा करायला गेलो होतो." लोक हसले. मागून कुणीतरी ओरडले, "आता साहेबालाच हार घाला, भाऊ." पुढच्या निवडणुकीत त्यांचे पद गेले. मोर्चात पुढे चालणारा तो माणूस नंतर मला फाटकावर कधी दिसला नाही.

माणसे गुन्हा लपवतात हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. बदललेले मत माणूस त्याहून घट्ट लपवतो आणि त्यासाठी दुसऱ्याची मुलगी तुरुंगात जाण्याच्या बेताला येईपर्यंत गप्प राहू शकतो, हे मी त्या टेबलासमोर शिकले. भाऊ वाईट नव्हते. मी त्या दिवशी गेले नसते, तरीही ते वाईट नसते आणि मुलगी कोठडीत असती.

पुढच्या नोकरीत समोरचा माणूस गप्प बसला की काय केलेस हे मी नंतर विचारत असे. आधी विचारत असे, हे कुणाला कळू नये असे वाटते? पुष्कळदा उत्तरात पोलीस नसायचे. बायको असायची, सख्खा भाऊ असायचा, चाळीतले लोक असायचे. ते नाव कळले की बाकीचे माणूस स्वतःच सांगत असे.