मी वगळलेल्या चार ओळी

मोठीआई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. हे लपवून काही उपयोग नाही. त्या दिवशी सकाळपासून तिचे तीन फोन येऊन गेले होते. मी गोंदियाजवळ फुलचूरच्या माझ्या भाड्याच्या खोलीत बी.एड.च्या पाठाचं टाचण काढत बसले होते, दुसऱ्या दिवशी तपासणी होती, आणि मोठीआईला मात्र शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या एका परिपत्रकातला ‘उपरोक्त’ हा शब्द अडला होता. “वर सांगितलेलं,” मी म्हटलं. “मंग वरचं म्हनत काऊन नाई?” “सरकारी भाषा तशीच असते. ठेव आता.” पाच मिनिटांनी पुन्हा फोन. वर तर काहीच सांगितलेलं नाही, वर नुसता शिक्का आहे, मग हे उपरोक्त कशाला? तिसऱ्या वेळी मी फोन उचललाच नाही. दुपारी अडीचच्या सुमारास बाबांचा आला. पोरांना खिचडी वाढून झाली, भांडी घासून झाली, आणि छातीत कसंतरी होतंय म्हणून ती शाळेच्या ओसरीवर टेकली ती... गुरुजींनी गाडीत घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. याला आता सहा आठवडे होत आले. ते परिपत्रक मी मागच्या आठवड्यात शाळेत जाऊन पाहिलं. वर खरंच नुसता शिक्का आहे.

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. नाव पंचफुला. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात तिचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. मोठेबाबा मी लहान असतानाच वारले. त्यांची एकुलती मुलगी सुनंदाताई लग्न होऊन गेली, आणि मोठीआई एकटी राहिली. एकटी म्हणजे नावालाच. पावसाळ्यात लोकांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला, आणि शाळा सुरू असली की रोज सकाळी शाळेत खिचडी शिजवायला. तिची चूल पहिलीच्या वर्गाच्या खिडकीला लागून होती, आणि तिथेच सगळा घोळ झाला. पहिलीची पोरं वर्षानुवर्षं क, का, कि, की म्हणायची आणि मोठीआई पळी फिरवत त्यांच्यामागून म्हणायची. पन्नाशी उलटल्यावर एक दिवस तिनं तांदळाच्या पोत्यावरची अक्षरं लावून पाहिली, आणि ती लागली. पहिलीच्या गुरुजींनी तिला एक जुनं पाठ्यपुस्तक दिलं. गुरुजी भला माणूस. पण आपण काय करतोय याची त्यांना कल्पना नव्हती.

कारण मोठीआईला मनातल्या मनात वाचता येत नसे. शेवटपर्यंत आलं नाही. जे दिसेल ते ती मोठ्यानं वाचायची, बोट ठेवून, आणि प्रत्येक ओळ पूर्ण झाल्याशिवाय पुढे सरकायची नाही. तिच्याबरोबर गोंदियाला गाडीनं जायचं म्हणजे मला घाम फुटायचा. स्टेशनांच्या पाट्या, डब्यातल्या सूचना, मूळव्याधीच्या उपचारांच्या जाहिराती, सगळं सगळ्या डब्याला ऐकू जायचं. एकदा समोरचा माणूस पेपर वाचत होता. मोठीआईनं पुढे वाकून त्याच्या पेपरची मागची बाजू वाचायला घेतली. त्यानं पान उलटलं तशी ती म्हणाली, “थांबा जी, माहं व्हायचं हाये.” डबा हसला. माझ्या कॉलेजच्या दोन मैत्रिणी त्याच डब्यात होत्या. मी खिडकीबाहेर बघत बसले, जणू ही बाई माझी कोणी नव्हेच. त्या माणसानं मात्र पान पुन्हा उलटलं आणि तिचं होईपर्यंत पेपर धरून ठेवला. आज मला माझ्यापेक्षा तो माणूस बरा वाटतो.

तिच्या मानाच्या कल्पनाही अशाच ताप देणाऱ्या. ती अनोळखी माणसाला कधी ‘तू’ म्हणाली नाही, आणि समोरच्यानं म्हटलेलं खपवून घेतलं नाही. एका कार्यालयात खिडकीपलीकडचा बाबू कागद सरकवत म्हणाला, “ए बाई, इधर अंगूठा लगा.” मोठीआईनं कागद हातात घेतला, पण अंगठा पुढे केला नाही. “मी तुमाले तुमी म्हनून रायली. तुमी मले ए बाई काऊन म्हनता?” मागे वीसेक माणसं उभी होती. बाबू वैतागून म्हणाला, “अच्छा, आप लगाइए.” मग तिनं सांगितलं की अंगठा नाही, सही करणार, आणि त्याआधी कागद वाचणार. पूर्ण. दोन्ही बाजूंनी. रांगेतले लोक तिच्यावर नाही, माझ्यावर खेकसत होते, कारण मी शिकलेली दिसत होते. बाहेर आल्यावर मी तिला खूप बोलले. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, “भूक लागली का तुले?”

पण हे सगळं वरवरचं. तिच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी टाळणार होते.

मी सातवीत असताना सुनंदाताईचं पत्र आलं होतं. ताईनं राजनांदगावच्या एका मुलाशी स्वतःच्या मनानं लग्न केलं होतं, आणि घरात त्यावरून वर्षभर अबोला होता. मोठीआईकडे तेव्हा फोन नव्हता आणि अक्षरओळखही नव्हती. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाचायला लागले. घर कसं आहे, सासू शाळेत शिक्षिका आहे, आणि मग अशा चार ओळी, ज्या मला आजही पाठ आहेत. ‘लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर तू अंगठा लावायचीस तेव्हा मला तुझी लाज वाटायची. आता इथे येऊन चार लोकांत तसं काही झालं तर मला सहन होणार नाही. म्हणून तू येऊ नकोस. मला वाटेल तेव्हा मीच येईन.’ मी बारा वर्षांची होते. मोठीआई माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मी त्या चार ओळी गिळल्या, आणि त्यांच्या जागी माझ्या मनानं वाचलं, “तुझी फार आठवण येते. एकदा ये.”

ती गेली. कुठल्याही आईनं केलं असतं तेच तिनं केलं. नव्या तांदळाची पिशवी, वाळवलेली मोहफुलं आणि नवं लुगडं. ताईनं दार उघडलं आणि सासूच्या देखत विचारलं, “तू कशाला आलीस?” चहा झाला की नाही, कोणी काय बोललं, हे मोठीआईनं कधी सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत आली. अंगणात पाय धुताना एवढंच म्हणाली, “बोलवते, अन् मंग तोंड फिरवते.” त्यानंतर दहा वर्षं तिनं मुलीचं नाव घेतलं नाही. आणि मी? मला अर्धंमुर्धं कळलं होतं. आधी भीती वाटली म्हणून बोलले नाही, नंतर उशीर झाला म्हणून बोलले नाही, आणि पुढे पुढे तर हे खरंच घडलं होतं का, असं स्वतःलाच विचारायला लागले... माणूस किती सोयीनं विसरतो!

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ती न सांगता फुलचूरला आली. मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी अडलं असेल. तिनं पिशवीतून ते पत्र काढलं, घड्यांवर फाटलेलं, आणि माझ्यासमोर बसून बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर. त्या चार ओळींशी येऊन थांबली.

“हे तू वाचलं नव्हतं.”

“मी लहान होते गं. तुला वाईट वाटेल म्हणून...”

“वाईट मले वाटलं असतं. माहं होतं ते. तू कायले ठेवून घेतलं?”

ती रडली नाही, ओरडली नाही. पत्राची घडी घालत म्हणाली, “मले वाचता येत नव्हतं, पोरी. समजत त होतं ना.”

हे वाक्य मी तेव्हापासून कुठे ठेवावं ते मला कळलेलं नाही. बी.एड.च्या वर्गात विद्यार्थ्याचा आदर या विषयावर आम्हाला दोन तासिका होत्या. मी टिपणं काढली, परीक्षेत चांगले गुण मिळवले. पण दुसऱ्याला आपल्यापेक्षा कमी कळतं असं धरून चालणं, आणि त्याला दया म्हणणं, याला काय म्हणायचं ते मला त्या रविवारी कळलं, आणि तेही जिला मी गाडीत ओळख दाखवली नव्हती त्या बाईकडून.

मला वाटलं, आता निदान विषय संपला. पण मोठीआई कुठलीच गोष्ट मधे सोडणाऱ्यातली नव्हती. मी केलेला भात जेवली, वरणाला मीठ कमी आहे म्हणाली, आणि गावी जाऊन सुनंदाताईला पत्र लिहायला बसली. अकरा दिवस लागले. रोज फोन. ‘बोलावलं’मधला व आधी की ला आधी? पत्र तीनच ओळींचं होतं. ‘मी आली तेवा तू बोलावलं नव्हतं हे मले मालूम नव्हतं. तुह्यावर राग धरला ते चुकलं. आता बोलावशील तवाच येतो.’ मग ते घेऊन ती पुन्हा माझ्या खोलीवर आली. “खाली तू लिव. तुह्या हातानं.” मी म्हटलं, फोन करते ताईला. नाही. पत्रात खोटं वाचलं, पत्रातच खरं लिहायचं. बावीस वर्षांच्या मुलीला बाराव्या वर्षी केलेल्या चुकीसाठी कबुलीजबाब लिहायला लावायचा, याला काय म्हणावं! मी रागारागानं लिहिलं, ‘माझ्याकडून अनवधानाने काही मजकूर वाचायचा राहून गेला.’ तिनं बोट ठेवून वाचलं. “अनवधान म्हंजे का?” मी सांगितलं. “लक्ष नव्हतं का तुहं?” होतं. “मंग सिद्धं लिव ना.” तिसऱ्या कागदावर मी सरळ लिहिलं की मी चार ओळी मुद्दाम गाळल्या आणि ‘एकदा ये’ हे माझ्या मनानं घातलं.

सुनंदाताईचा फोन आधी मला आला. म्हणाली, “त्या दिवशी मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं गं.” मे महिन्यात ती दोन्ही मुलांना घेऊन गावी आली. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. दुसऱ्याच दिवशी मायलेकी चहातल्या साखरेवरून कडाडून भांडल्या आणि ताई एक दिवस आधी निघून गेली. पण पुढच्या मे महिन्यात पुन्हा आली. आणि आता, मोठीआईच्या अंत्यविधीला, बुद्धविहारासमोर वंदना चालू असताना, ताई माझा हात धरून उभी होती. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मोठीआईच्या पद्धतीनं पूर्ण ऐकून घ्यावं लागलं असतं.

माझ्या भविष्याची चिंता सगळ्या गावाला आहे. भरती निघत नाही, निघाली तर अडकते, आणि भेटणारा प्रत्येक माणूस विचारतो, आता पुढे काय? मोठीआईही विचारायची, पण तिचा प्रश्न वेगळाच छळणारा. “नौकरी नाई लागली त वाचनं सोडशील का?” मी म्हणायचे, पोट नुसत्या वाचण्यानं भरत नाही. त्यावर ती खिचडीची पळी धुता धुता म्हणायची, “मी का नौकरीसाठी शिकली?” मला तेव्हा तिचा संताप यायचा. तुला काय जातंय बोलायला, असं एकदा मी तोंडावर म्हटलं. ती हसली.

परवा गोंदियाच्या स्टेशनवर मी गावाकडच्या गाडीची वाट बघत होते. शेजारी साठीची एक बाई बसली होती. तिची दोन मुलं तिकिटं काढायला गेली होती. तिनं कमरेच्या पिशवीतून दवाखान्याचा कागद काढला आणि म्हणाली, “बाई, वाचून द्या न जरा.” मी वाचला. आत गाठ आहे, ऑपरेशन लागेल, नागपूरला न्यावं, उशीर करू नये. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘काही विशेष नाही, औषधं घ्या’ हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, सातवीत होतं तसंच. पण मोठीआईनं माझी ती सोय कायमची बंद करून ठेवली आहे. मी वरपासून खालपर्यंत सगळं वाचून दाखवलं. मधे गाडी आली. मी उठले नाही. इंग्रजी शब्दांचे अर्थ सांगितले. गाडी गेली. पुढची दोन तासांनी होती. मोठीआई, तुझ्यामुळे माझ्या किती गाड्या चुकायच्या आहेत अजून?

त्या बाईनं कागद माझ्या हातातून परत घेतला. मग म्हणाली, “पोट्टे म्हनत होते, गॅस हाये.”

तेवढ्यात मुलं आली. थोरल्यानं तिच्या हातात उघडा कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला जे कळायचं ते कळलं. रागानंच म्हणाला, “दे माय, माह्यापाशी ठेवतो.” तिनं कागदाची सावकाश घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी कमरेला खोचली.

“नागपूरची गाडी किती वाजता हाये?” तिनं त्याला विचारलं.