गंगूच्या पाटीतली माती

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गंगूचं घर होतं आणि घरापुढे खळं, म्हणजे सारवलेलं अंगण, करायला काय, तर नुसती वाळू. सारवायला जावं तर शेण वाळूत जिरायचं, आणि दारात तांदूळ निवडले की जेवताना दाताखाली कचकच. "एक लाल मातयेचा खळा झाला मां, मगे मी राणी!" असं ती येता-जाता म्हणायची. बाई समुद्राची खरी, पण जीव मातीत.

मासे विकायला ती वरच्या वाडीत जायची. जाताना डोक्यावर बांगड्यांची पाटी, येताना पाटी रिकामी. सन अठ्ठावन्नमध्ये त्या वाडीत विठोबा आणि मथुरा ही जोडी घर बांधायला निघाली. लग्न झाल्यापासून मथुरा दिराच्या पडवीत चूल मांडून होती, आणि दोन भांडी एकमेकांवर वाजली तरी जावेचे बोल ऐकत होती. जागा सपाट करताना निघालेली माती वाटेतच पडली होती. टाकायची कुठे, हा घोर. गंगूने विचारायचाच अवकाश, मथुरा म्हणाली, "ने गो बाय, व्हयी तेवढी ने. माजी पीडा टळात."

मग काय! रोज मासे वर, माती खाली. पण त्या ढिगात दगडगोटेच फार. एक दिवस मथुरा घरी नव्हती आणि गंगूला बाजूला दुसरा लहानसा ढीग दिसला. लाल, मऊ, औषधाला खडा नाही. बाईने पाटी भरली आणि चालू पडली.

ती माती साधी नव्हती हो! वाडीतले जाणते गुरुदास आजोबा घराची जागा पारखून देत. खड्डा खणायचा, माती बाजूला ठेवायची आणि चांगला दिवस बघून तीच माती परत खड्ड्यात भरायची. उरली तर घर भरभराटीचं. कमी पडली तर त्या जागेचं नाव काढायचं नाही. मध्येच अमावास्या आली म्हणून भरणं लांबलं होतं, आणि नेमकी तेव्हाच गंगूची पाटी तिथे पोचली.

व्हायचं तेच झालं. खड्डा अर्धाच भरला. आजोबांनी कपाळाला हात लावला. "विठोबा, हो जागो माती गिळता. उद्या माणसां गिळात. सोड ह्येचो नाद."

दुसऱ्या दिवशी गंगू "बांगडेऽऽ" करत आली तर मथुरा पडवीत डोळे पुसत बसलेली. तिने सगळं सांगितलं आणि गंगूला तो मऊ मातीचा ढीग आठवला. बोलावं, तर 'हिने घर मोडलं' म्हणत वाडीतली दारं बंद होणार. गप्प बसावं, तर ही बिचारी जन्मभर त्या पडवीत. पण मथुराच्या तोंडाकडे तिला बघवेना. मासे तिथेच टाकून ती तडक आजोबांच्या दारात गेली.

"आजोबानूं, जाग्यान काय गिळूक नाय. ती माती मियां नेलंय!"

आजोबा पेटलेच. "गे बाये, अख्ख्या मुलखात तुका तोच ढीग गावलो?" मागून धावत आलेली मथुरा आधी आ वासून बघत राहिली, आणि मग रडता रडता फिसकन हसली. आजोबांनी बजावलं, "नयो खड्डो चलाचो नाय. तीच माती हाड."

तीच माती? ती तर शेणात कालवून, चोपून, सारवून झाली होती! गंगूने घरी जाऊन कुदळ घेतली. सासू सावित्री ओरडली, "पिसां लागला काय गो तुका?" गंगू खणत राहिली. सुपाएवढं खळं झालं होतं, तेही गेलं. तिला रडूच आलं.

सकाळी चढणीला बायका हाका मारायला लागल्या. "गंगू, काय हाडलंस गो आज?"

"माती!"

"गे, सकाळच्या पारी असां कित्या बोलतंस?"

"नाय गो, खरीच माती!"

खड्ड्याभोवती अख्खी वाडी जमली. विठोबा माती ओढत होता, आजोबा पायाने दाबत होते. खड्डा काठोकाठ भरला, आणि वर चांगली घमेलंभर माती उरली. उरणारच की! तिच्यात शेण होतं, आणि खरवडताना किनाऱ्यावरची वाळूही आली होती. एक शिंपली तर आजोबांच्या अंगठ्याशीच वर आली. आजोबांनी शिंपलीकडे बघितलं, मथुराकडे बघितलं आणि शिंपली पायाने हळूच आत दाबली.

"उरली!" आजोबा गरजले. "घाल घर, विठोबा!"

पाया खणला तेव्हा माती कुठे टाकायची हा प्रश्नच पडला नाही. वाडीतल्या बायका पाट्या भरभरून कुणकेश्वरला उतरल्या, आणि गंगूचं खळं असं ऐसपैस झालं की शेजारणी धान्य निवडायला तिथेच यायला लागल्या. सावित्रीसुद्धा येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमचा खळा" म्हणून दाखवायची.

नव्या घराची घरभरणी झाल्यावर मथुरा पहिल्यांदाच गंगूकडे आली. गंगूने बसायला पाट मांडला. मथुराने तो बाजूला सारला आणि खळ्यात फतकल मारून बसली.

"पाट कित्याक गो? मी माज्याच मातयेर बसलंय," ती म्हणाली, आणि मग गंगूच्या कानाशी वाकली. "तुजी शिंपली नाय काय माज्या घराखाली?"