साठ आणि सत्तरच्या मधे

माणसाला किती काळजी करता येते याची हद्द बघायची असेल, तर मांडवगण फराट्याला आमच्या थोरल्या साडूंकडे जावं. पाऊस पडला तर कांद्याची, नाही पडला तर उसाची, आणि बेताचा पडला तर 'ह्यात कायतरी डाव हाय' याची काळजी त्यांना लागते. अशा माणसाच्या ताब्यात त्यांच्या लेकीनं वाइनच्या चोवीस बाटल्या दिल्या.

लेक नाशिककडे वायनरीत कामाला होती. तिनं स्वतः केलेली ही पहिली वाइन. लेबलंही हातानं लिहिलेली. शिकायला कॅनडाला जाताना बजावून गेली, "नाना, मी येईपर्यंत बाटल्या आडव्या ठेवा. खोलीतला ओलावा साठ ते सत्तर टक्क्यांच्या मधे पाहिजे. हवा कोरडी पडली तर बूच आकसतं, वाइन बिघडते. ओल वाढली तर बुरशी." साडू असे निर्व्यसनी, की खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत करतात. पण त्यांनी धान्याची खोली रिकामी केली, बाटल्या तिथं निजवल्या आणि भिंतीवर ओलावा मोजायचा काटा टांगला. बाजरीची पोती बैठकीत आली. पाहुणे पोत्यांवर बसू लागले.

उन्हाळ्यात खोलीत ओली गोणपाटं टांगलेली असायची. दौंडला माझ्या पुतणीच्या साखरपुड्यात आम्ही शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो. वाढून झालं, आणि साडू कानाशी लागले, "पाव्हणं, ऊन बघा भाईर. गोणपाटं वाळली असतील." भरल्या पानावरून उठून ते थेट गावी गेले.

पावसाळ्यात उलटं झालं. भीमेला पाणी आलं, आठवडाभर झड लागली आणि काटा नव्वदीला टेकला. साडूंनी गोणपाटं काढून ओल शोषायला कोळशाची घमेली मांडली. तरी एका सकाळी फोन आलाच. "पाव्हणं, पोरीच्या नावाला बुरशी लागली वो!"

आवाज असा होता, की मी हातातला चहा ठेवून शिरूरहून निघालो. साडू जमिनीवर बसून कोरड्या कापसानं एकेक लेबल पुसत होते. एका बाटलीवरचं तिचं नाव पुरतं पुसलं गेलं होतं.

"म्या जपलं न्हाई," एवढंच म्हणाले. एरवी त्यांची थट्टा करणारा मी खाली बसलो आणि कापूस घेतला.

तिसऱ्या वर्षी लेक आली. बाटली उघडली. बूच अख्खं निघालं. घोट घेऊन ती तो तोंडात घोळवत राहिली, तेवढ्यात साडूंनी भिंत धरली.

"नाना, मस्त झालीय!"

तिच्या आग्रहाखातर त्यांनी चमचाभर चाखली आणि तोंड वेडंवाकडं केलं. "आंबाट हाय. पर ब्येस हाय."

बाटल्या मैत्रिणींना वाटून पंधरा दिवसांनी ती कॅनडातल्या नोकरीवर परत गेली. मागच्या महिन्यात मी साडूंना म्हटलं, "आता तरी निवांत झालात."

"कशाचं निवांत? पोरगी पायी कामाला जाती. पाय घसरला तर तिथं उचलायला कोन हाय तिचं?" असं म्हणून त्यांनी मोबाइलवर तिच्या गावचं हवामान काढून माझ्यापुढं धरलं. तिकडे बर्फ पडत होता.