छत्तीस गुणांचा सॅक्सोफोन

श्री. मधुकरराव पिंपळनेरकर, म्हणजे आमचे नाना, यांची माझी पहिली ओळख तक्रारीतून झाली. लासूर स्टेशनहून बदली होऊन मी गारखेड्यात त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो, तर वरून रुसलेल्या सनईसारखं काहीतरी सारखं ऐकू येई. जाब विचारायला वर गेलो आणि पोहे खाऊन खाली आलो. ते वाद्य सॅक्सोफोन होतं, संगीत जॅझ, आणि वाजवणारा नानांचा लाडका, कधीच वारलेला एक अमेरिकन कलावंत. त्याच्या जुन्या तबकड्या ऐकून संपल्या होत्या. आता नानांना त्याच्यासारखाच दुसरा हवा होता.

नानांच्या घराण्यात पूर्वी पत्रिका पाहत. नानांनी विमा कचेरीत नोकरी केली, पण वळण गेलं नाही. दर रविवारी आम्ही शेजारची मंडळी एकेका वादकाचं ध्वनिमुद्रण स्थळ म्हणून घेऊन जायचो. नानांच्या पत्नी मालतीकाकू कांदेपोहे करायच्या. नाना डोळे मिटून ऐकायचे आणि छत्तीसपैकी किती गुण जुळतात ते सांगायचे. एका जगप्रसिद्ध वादकाला त्यांनी 'घराणं चांगलं, पण पोरगं उतावळं' म्हणून परत पाठवलं. स्थळ आणणाऱ्याला मात्र पोह्यांची दुसरी बशी मिळायची.

माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा नाना रोज डबा घेऊन यायचे, सोबत हेडफोनही. डबा फार चांगला होता, असं ती अजून सांगते. हेडफोनबद्दल काही बोलत नाही.

गेल्या वर्षी एका बैठकीत माझ्या फोननं आपल्या मनानं पुढचं वादन लावलं. नानांनी जेमतेम अठरा गुण दिले. मी पडद्यावर नाव पाहिलं, तर खुद्द लाडकाच! उमेदवारीच्या काळातलं, नव्यानंच सापडलेलं ध्वनिमुद्रण होतं. आम्ही पोट धरून हसलो. नाना हसले नाहीत. आपला कान गेला असं त्यांनी मनाशी धरलं आणि बैठकच बंद केली. रविवारची ती शांतता मला पहिल्या दिवशीच्या आवाजापेक्षा जड गेली.

शेवटी काकूंनीच मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर नानांना म्हणाल्या, "डॉक्टरांनी दिलेलं मशीन कानात घाला आधी. तिथं डबीत त्याला काय ऐकू येणारंय?"

नानांनी डबी उघडून मशीन घातलं. मी तेच वादन पुन्हा लावलं. नानांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि डोळे उघडले.

"अठराच. तेव्हा तो कच्चाच होता. आपला माणूस म्हणून गुण वाढवायचे नसतात."

"मी तर सोळाच दिले असते," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. पुढच्या रविवारी पोहे झाले.

नाना आता पंचाहत्तरीत प्रवेश करत आहेत. छत्तीस गुणांचं स्थळ अजून मिळालेलं नाही. आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे की ते इतक्यात मिळू नये, आणि शोध संपेपर्यंत नानांनी अन् काकूंनी ठणठणीत राहावं.