साच्यात न मावलेला गुडघा

झानोबीच्या घराण्याने तीन पिढ्या मेणाचे हातपाय ओतले. फ्लोरेन्समध्ये ज्याचा हात सुजला त्याने मेणाचा हात, ज्या बाईची छाती दुखली तिने मेणाची छाती आणि जिला मूल होईना तिने मेणाचं बाळ कुमारी माउलीच्या देवळात नेऊन टांगायचं. पायाचा एकच साचा साऱ्या शहराला पुरायचा. मग दरबाराचा हुकूम सुटला. देवळातलं जुनं मेण खाली उतरवून वितळवलं आणि झानोबीची चूल थंड पडली. तेव्हा तो नदीपलीकडे आमच्या कारखान्यात आला. संग्रहालयासाठी माणसाचं शरीर आतून-बाहेरून मेणात करायचं, हे आमचं काम.

माझी भट्टी त्याच्या भट्टीला लागून होती, म्हणून सांगतो. पंधरा वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. पांढरं मेण, डुकराची चरबी, राळ आणि रंग कढवून ज्याचा त्याचा वाण काढायचा. चरबीचा पिवळा वेगळा, स्नायूचा तांबडा वेगळा. रोज सकाळी गास्पारो हमाल इस्पितळातून डालगं पाठीवर घेऊन येई, वर मेणकापड. त्यात कधी अख्खा माणूस, कधी नुसता हात. नाव कुणी विचारत नसे. वास सुटायच्या आत साचा झाला पाहिजे, एवढीच घाई असायची.

झानोबीला एकच लेक, नुन्झियाता. वय एकोणीस, उंबऱ्यात बसून गव्हाच्या काडाच्या टोप्या विणायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची टवाळी करायची. त्या हिवाळ्यात तिचा उजवा गुडघा सुजला. लाल नाही की गरम नाही. पांढराफटक आणि गुळगुळीत, आतून कुणी कणीक भरावी तसा.

इस्पितळातल्या शस्त्रवैद्याने बोटांनी चाचपलं आणि सरळ सांगून टाकलं, "हाडाला कीड लागलीय. गुडघ्याच्या वरनं पाय काढू. आत्ता काढला तर पोरगी जगेल."

झानोबीने नकाराची मान हलवली आणि पोरीला पाठुंगळी मारून घरी आणलं. त्याच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. इस्पितळात जे गरीब मरतात, ते कुठे जातात हे साऱ्या शहरात आम्हा सात-आठ जणांइतकं कुणाला माहीत होतं?

"झानोबी, ऐक माझं," मी म्हणालो. "वैद्य काय येडा न्हाई."

"आन् मेली तर? गास्पारो आनंल तिला. मी कापड उचलंन आन् खाली माझीच लेक. तू घेशील साचा?"

मी माझ्या भट्टीत लाकूड सारलं.

झानोबी नवस बोलला. मोठे नवस बंद झाले होते, पण देवळाच्या मागच्या कोनाड्यात लहानसहान अवयव अजून टांगू द्यायचे. आणि मेणवाल्यांच्या गल्लीतला रिवाज असा, की जो अवयव माउलीपुढे टांगला, त्या माणसाच्या खऱ्या अवयवाला तिच्या सणापर्यंत लोखंड लावायचं नाही. सुरी नाही आणि करवतही नाही. सण पंचवीस मार्चला, आणि उपवासाचे दिवस नुकतेच लागलेले. म्हणजे सणाला अजून चार आठवडे.

साचा त्याने लेकीच्या पायावरूनच घेतला. मी प्लास्टर कालवून द्यायला गेलो होतो. पायाला तेल चोळलं आणि थर चढवायला घेतले.

"बाबा, गुदगुल्या होत्यात!" नुन्झियाता हसत सुटली. "तुमच्या मढ्यांस्नी बी असंच चोळता व्हय?"

"ती हसत न्हाईत. हलू नको."

"हसत न्हाईत तर करमतं कसं तुमास्नी?"

प्लास्टर धरताना तापतं. ती ऊब घोट्यावरून वर चढत गुडघ्याला पोचली, तशी पोरीने अर्ध्यातच बोलणं तोडलं आणि बाहीचं टोक दातात धरलं. साचा सुटेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

मेणाचा पाय तयार झाला तो बघून झानोबीची बायको लेसान्द्रा कपाळावर हात मारून खालीच बसली. ताणलेल्या कातडीची चकाकी, खालची निळसर शीर आणि सूज, सगळं जसंच्या तसं.

"आवं, डोकं फिरलं का तुमचं? माउलीला काय मागताय, सूज? जे टांगाल तेच मिळतं, हे तुमच्या बापानंच सांगितलं ना मला?"

"खरं तसं केलंय."

"खरं तुमच्या त्या मढेखान्यात! मला खोटं करून द्या!"

दोन दिवस तो कोमट सुरीने गुडघा उतरवत बसला. हात ऐकेना. सूज छाटायची आणि नकळत बोटाने तिथेच पुन्हा मेण चढवायचं. शेवटी एक गोंडस, निर्जीव गुडघा तयार झाला. लेसान्द्राने तो शालीखाली धरून देवळात नेला आणि टांगला.

मग चार आठवडे गेले. नुन्झियाता उंबरा सोडून खाटेवर आली. टोप्या विणणं चालूच होतं. "कमी झालीया ना गं?" आई विचारी. "झालीया जरा," पोरगी म्हणे. रोज बघणाऱ्याला काही कळत नाही. कारखान्यात मात्र चौकशी वाढली. उस्ताद मान्नेल्ली, आमचा वरचा, माणूस वाईट नव्हता. पण भट्टीपाशी येऊन तो विचारायचा, "सूज मांडीपर्यंत गेली का रे? कातडी फुटली?" आणि असं विचारताना त्याची नजर झानोबीच्या तोंडाकडे नसायची, टेबलाकडे असायची. एकदा गास्पारोनेही विचारलं. झानोबीने कढतं मेण त्याच्या पायाशी ओतलं. "माझ्या लेकीचं नाव काढलंस तर तुझंच डालगं भरंन." पुन्हा कुणी विचारलं नाही. न विचारणं जास्त वाईट होतं.

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी लेसान्द्रा देवळात गेली होती. झानोबीने खाटेखालून त्या साच्याचा पायाखाली यायचा तो अर्धा भाग ओढला आणि म्हणाला, "पाय ठेव बघू यात."

"आनि कशाला?"

"ठेव."

टाच बसली. पोटरी तर खुळखुळत बसली, इतकी वाळली होती. गुडघा कडेवरच अडला. तिच्याच पायावरून घेतलेला साचा, आणि तिचाच पाय त्यात जाईना. झानोबीने कडेला बोट लावून बघितलं. दोन्ही बाजूंनी बोटबोटभर गुडघा बाहेर होता.

"बाबा," नुन्झियाता हळूच म्हणाली, "आईला नगा सांगू."

तो सण त्याने कसा काढला, देव जाणे. सव्वीसच्या सकाळी पोरीला हातगाड्यावर घालून इस्पितळात नेलं. वैद्याने मागचं काही उकरलं नाही. त्याच दिवशी पाय काढला. पोरगी जगली. सांजच्याला शुद्धीवर आली आणि सूप मागितलं.

दुसऱ्या सकाळी गास्पारो आला. डालगं त्याने नेहमीसारखं आदळलं नाही, हळूच टेकवलं आणि पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेला. झानोबीने कापड उचललं. मांडीच्या खालच्या टोकापासूनचा पाय होता, पोटरी वाळलेली.

मान्नेल्ली म्हणाला, "तू घरी जा आज. दुसरं कुणी करील."

"कोन करनार? ह्यो?" त्याने मला बोट दाखवलं. "ह्याला हाडाचा रंग जमत न्हाई."

ते खरंच होतं. हाडाला ही कीड लागली की रंग कसा फिरतो, आधी ओल्या राखेसारखा आणि मग शिळ्या लोण्यासारखा, हे एकट्या झानोबीला मेणात उतरवता यायचं. अशी चार हाडं त्याने केली होती. त्याने पाय खिडकीच्या उजेडात नेला आणि करवतीने कापलेलं वरचं तोंड पुसलं. तिथे हाड पांढरंशुभ्र असेल, तर रोग खालीच राहिला.

तो बराच वेळ बघत राहिला. मग भट्टीकडे वळला, पांढऱ्या मेणात काजळीची चिमूट टाकली, थोडी आणखी टाकली आणि ढवळायला लागला. मी पुढे होऊन बघितलं. कापलेल्या तोंडावर, अगदी कडेला, मसुरीएवढा राखाडी ठिपका होता. कीड करवतीच्या वर गेली होती. मान्नेल्लीनेही बघितला. चार आठवड्यांपूर्वी तो तिथे नसता, हे आम्हा तिघांनाही कळलं.

झानोबीने तो ठिपका वगळला नाही. जागच्या जागी, होता तेवढाच, भरला.

संध्याकाळी इस्पितळाच्या दाराशी लेसान्द्रा वाट बघत उभी होती. डोळे सुजलेले, पण तोंडावर हसू. "चेस्टनटच्या पिठाची भाकरी मागतीया पोरगी. म्हनते, एका पायानं बी नाचंन." मग तिने आवाज खाली केला. "तुमच्याकडंच आला आसंल ना... तो. आत कसा होता? सगळं निघालं का?"

झानोबीने डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांत धरली.

"सगळं निघालं," तो म्हणाला. "चल, भाकरी आनू तिला."