चौऱ्याण्णव किलो गूळ

आईने देवीला माझ्या वजनाइतका गूळ कबूल केला, तेव्हा माझं वजन चौऱ्याण्णव किलो होतं. हे मला विचारून केलं असतं तर मी सांगितलं असतं, बाई, नारळावर भागव. पण मी तेव्हा पायात पट्टी आणि स्क्रू घालून पलंगावर पडले होते. पवईच्या ऑफिसात ओल्या जिन्यावरून घसरले आणि गुडघ्याच्या खाली हाड मोडलं. चार महिने आडवी. त्या चार महिन्यांत बघायला आलेल्या प्रत्येकाने काहीतरी खायला आणलं आणि मी कुणाचं मन मोडलं नाही.

देवी म्हणजे घाटकोपरला आमच्या मागच्या टेकडीवरची. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कोकणातल्या माणसांनी गिरणीतून सुटल्यावर दगड वाहून तिचं देऊळ बांधलं. दोनशे अकरा पायऱ्या. आई दर मंगळवारी एका दमात वर जायची, सत्तरी ओलांडून तीन वर्षं झाली तरी. तिने नवस असा बोलला होता, "लेक माझी आपल्या पायान वर येवंदे, तिच्या वजनाइतको गूळ तुका घालीन." आणि घरी येऊन मला म्हणाली, "ह्या माझ्या डोळ्यांदेखत होवक होया. माका फार वाट बघूक लावू नको."

हाडांच्या डॉक्टरांना मी विचारलं, पायऱ्या कधी चढू? त्यांनी एक्स-रेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की हाड जुळलंय, पण गुडघा एवढं वजन घेऊन दोनशे पायऱ्या चढणार नाही. पंधरा-वीस किलो उतरवा. महिन्याला अर्धा किलो, त्याहून जास्त घाई नको. मी मनात हिशेब केला. तीन वर्षं. मी म्हटलं, डॉक्टर, तीन महिन्यांत नाही होणार? ते हसले. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," म्हणाले. हाडांच्या डॉक्टरला ही म्हण रोज वापरायला मिळत असणार.

मी अर्थातच ऐकलं नाही. दहा दिवस नुसतं सूप प्यायले. तीन किलो गेले आणि मी घरभर नाचले. अकराव्या दिवशी भाजीच्या गाडीसमोर डोळ्यांपुढे अंधारी आली, भाजीवाल्याने स्टूल दिलं, नवऱ्याने घरी आणलं, आणि पुढच्या पंधरवड्यात चार किलो परत आले. वाट लागली. दुखणं हत्तीच्या पावलाने येतं आणि मुंगीच्या पावलाने जातं म्हणतात, ते वजनालाही लागू आहे. मुंगी तर मुंगी. जेवण निम्मं केलं, तळलेलं बंद केलं, आणि रविवारी सकाळी आईबरोबर पायऱ्या.

पहिल्या रविवारी नऊ पायऱ्या चढले. नवव्या पायरीवर संगमरवराची पाटी होती, तिथल्या रिक्षावाल्यांनी मिळून ती पायरी दिली होती. आमच्या देवळाच्या प्रत्येक पायरीवर अशी पाटी आहे, कुणी दिली, कुणाच्या आठवणीसाठी दिली. एरवी लोक त्यांच्यावर पाय देऊन जातात. मी मात्र प्रत्येक पाटीवर बसून, दम खात, अख्खी वाचली. सव्विसावी एका नातवाने आजीसाठी दिलेली. एकेचाळिसावी एका सुनेने सासूच्या स्मरणार्थ, आणि मला हटकून वाटायचं की पाय द्यायला मिळावा म्हणूनच दिली असेल. बहात्तरावी एका जोडप्याने लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. काट्यावर अर्धा किलो दिसतही नाही, पण सव्विसाव्या पायरीवरून एकेचाळिसाव्या पायरीवर गेलं की दिसतं. आजी सुटली, सासू आली. मला ह्याची इतकी चटक लागली की शनिवारी संध्याकाळपासूनच उद्या कोण भेटणार म्हणून हुरूप यायचा. ऑफिसात सोमवारी मैत्रीण विचारायची, "काय गं, कुठपर्यंत?" मी सांगायची, "पंचविसावा वाढदिवस झाला." तिला वाटायचं मला वेड लागलंय.

आईला मात्र ह्यात वेगळाच घोर लागला. मी एक्क्याण्णववर आले त्या दिवशी मी काट्यावरूनच तिला हाक मारली. ती आली, वाकून आकडा बघितला. मग म्हणाली, "नवस बोललंय तेव्हा तू चौऱ्याण्णव होतंस. देवीचो तीन किलो गूळ खंय गेलो?"

मी म्हटलं, "अगं आई, गूळ कुठे जाईल? वजन गेलं."

"ता तुझा गेला. देवीचा कित्याक जावंदे?"

मी खूप समजावलं. चढायचं तर उतरवायला हवं, आणि उतरवलं तर गूळ कमी होणारच, तूच असा नवस बोललीस, मी काय करू. तिला दोन्ही हवं होतं. मी वर यायला हवी होती आणि देवीला एक तोळाही कमी पडायला नको होता. "सांगून फसवल्यासारखा होता," एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मी चिडले. सगळ्या घाटकोपरात एकच बाई असेल जिची आई ती बारीक होते म्हणून तोंड पाडून बसते.

दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर काटा अडकला. ब्याऐंशी. पहिला महिना ब्याऐंशी, दुसरा महिना ब्याऐंशी, तिसऱ्या महिन्यात ब्याऐंशी पूर्णांक चार. मी काही चोरून खात नव्हते, देवाशपथ. डबा आई द्यायची, संध्याकाळची भाकरी आई करायची. त्या दिवसांत तिची तांदळाची भाकरी इतकी मऊ लागायची की आमटीची गरजच वाटायची नाही. मी चालणं वाढवलं, भाकरी एकावर आणली, तरी तेच. पायऱ्याही एकशेचाळीसवर थांबल्या. तिथली पाटी फुटलेली होती, नाव गेलेलं आणि नुसतं 'यांच्या स्मरणार्थ' उरलेलं. दर रविवारी तिथे बसून मी तेवढंच वाचायची.

आणि त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की आई माझ्यासाठी थांबत नाहीये, स्वतःसाठीच थांबतेय. एकशेचाळीसच्या वळणावर ती माझ्याआधी बसायची. छातीवर हात, ओठ निळसर. विचारलं तर म्हणायची, तुझ्यासोबत बसतंय. ज्या पायऱ्या ती एका दमात चढायची, त्यांना आता तिला चार थांबे लागत होते. मला इतकी भीती वाटली की घरी येऊन मी काटा पलंगाखाली ढकलला आणि ढसाढसा रडले. तिला म्हटलं, "माझ्याच्याने होत नाही. मी सगळं केलं. तुझ्या देवीला सांग, हिला नाही जमलं. उगाच तू माझी वाट बघत बसू नकोस."

आई चपला घालून देवळात गेली. एकटी, भर दुपारची. दोन तासांनी आली तेव्हा पाणी पिऊन म्हणाली, "चौऱ्याण्णव म्हणजे चौऱ्याण्णव. तुझ्या वजनाचो पारड्यात घालूया. उरलेलो तू आपल्या हातान वर न्हेवचो. देवीचा काय ता मी बघून घेतलंय. तू परत चालूक लाग."

मी लागले. काय झालं कुणास ठाऊक, पुढच्या महिन्यात काटा हलला. एक्क्याऐंशी. मग ऐंशी. मुंगी परत चालायला लागली. आईची भाकरी पहिल्यासारखी झाली, कडेला जरा कडक, पण मी कुठे लक्ष देतेय, मी एकशेसाठवर होते. एकशेनव्वदवरून पवईकडच्या उंच इमारती दिसायला लागल्या, त्यातली एक माझ्या ऑफिसची. तिथून देवळाची घंटा ऐकू येत होती आणि मला धावत सुटावंसं वाटत होतं. आईने दंडाला धरून खाली बसवलं. "तुलेच्या दिवशी," म्हणाली. आम्ही दोघी तिथूनच परत फिरलो. दर रविवारी एकवीस पायऱ्या शिल्लक ठेवून परत फिरायचं, हा छळ मी चार महिने सोसला.

तुलेच्या दिवशी काट्यावर शहात्तर आलं. शहात्तर किलोच्या ढेपा सकाळीच हमालांनी वर नेल्या होत्या. उरलेल्या अठरा, एकेक किलोच्या, मी लेकीच्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये भरल्या. आईने मला तिचा जड शालू नेसायला लावला होता, वर गळ्यात, हातात होतं नव्हतं ते सगळं सोनं. मी म्हटलं, एवढं कशाला. ती म्हणाली, देवीचा बघूक नको? अशा थाटात, पाठीवर सॅक घेऊन मी निघाले. नवरा घेतो म्हणाला, त्याला आईने डोळ्यांनीच गप्प केलं.

पन्नास पायऱ्यांत माझा घाम निथळायला लागला. बहात्तरावर गुडघा बोलायला लागला. तोच जुना ठणका, मी तीन वर्षांपूर्वी रोज सकाळी उठताना ऐकायची तो. मी विसरलेच होते त्याला. फुटक्या पाटीपाशी मी सॅक उतरवून ठेवली आणि पाठ भिंतीला टेकली. पाठ अशी हलकी झाली की हसूच फुटलं. आई शेजारी बसली होती. तिने सहज म्हणून एका हाताने सॅक उचलायला बघितली. हलली नाही. दोन्ही हातांनी बघितली. जेमतेम चार बोटं उचलली गेली आणि खाली आली.

"ह्या वझा घेऊन तू चलत होतंस गो?" म्हणाली.

"झोपतही होते," मी म्हटलं.

मग ती एकदम बोलली, माझ्याकडे न बघता. "गणपती झाल्यावर भाकरीच्या पिठात तूप घालत होतंय मी. डब्यातल्या भाजीतसुद्धा. म्हटलंय, चेडू चढता तर चढूंदे, पण देवीचो गूळ कमी नको. तीन महिने. तू रडलंस त्या दिवशी बंद केलंय."

मला काय वाटलं ते सांगू? आधी तिला तिथेच सोडून वर जावं असं वाटलं. तीन महिने मी स्वतःला शिव्या घातल्या होत्या. काट्याला लाथ मारली होती. मग मी तिच्याकडे बघितलं. छातीवर हात ठेवून दम खात बसलेली, गुन्हा कबूल केलेल्या शाळेतल्या पोरीसारखा चेहरा. मी सॅक उघडली, दोन ढेपा काढल्या आणि तिच्या पदरात ठेवल्या. "तुझ्या तुपाच्या," म्हटलं. "तू ने." तिने पदराची गाठ मारली, तो कमरेला खोचला आणि उठली.

उरलेल्या एकाहत्तर पायऱ्या आम्ही किती वेळात चढलो कुणास ठाऊक. एकशेनव्वदवर थांबलो नाही. शेवटच्या एकवीस पाट्या मी वाचल्याच नाहीत, दोनशे अकरावर पाय पडला तेव्हा मला एवढंच कळलं की घंटा माझ्या डोक्याच्या वर आहे आणि आई माझ्या मागे आहे. मी वळून तिला हात दिला आणि वर घेतलं.

मंडपाच्या तुळईला लोखंडी तराजू टांगला होता. मी शालू सावरत एका पारड्यात मांडी घालून बसले आणि गुरव दुसऱ्यात ढेपा ठेवायला लागला. सगळे मोठ्याने मोजत होते. सत्तर. त्र्याहत्तर. शहात्तर झाल्या तरी माझं पारडं जमिनीलाच. शालू आणि सोनं. आईच्या पदरातून एक ढेप मागावी लागली. सत्त्याहत्तरावीला पारडं जमीन सोडून हळूच वर आलं आणि मी तिथे लोंबकळत, हसावं की रडावं न कळून, दोन्ही करत बसले.

आईने पदरातली दुसरी ढेप, सॅकमधल्या सोळांच्या शेजारी, देवीच्या पायांशी ठेवली आणि माझ्या पारड्याशी येऊन खाली बसली. "चुकलंय गो माय," म्हणाली. बघत होती देवीकडे, हात मात्र माझ्या गुडघ्यावर होता.