दह्याची सायकल

दहीकाका सायकलवर बसण्याआधी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघायचे आणि गंभीरपणे जाहीर करायचे, "पुढचा पेरू पिकलाय, मागचा अजून कच्चा. निघायला हरकत नाही." शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत नवा भाडेकरू आला की लवकरच मला जिन्यात गाठून हळूच विचारायचा, "ते वरचे काका... बरे आहेत ना?" मी चेहरा जमेल तितका दुःखी करून "बघू या," एवढंच म्हणायचो.

काका विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावरचे. काकू घरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि इमारतीला लिफ्ट नाही म्हणून त्यांना वारज्याला लेकीकडे हलवावं लागलं. लेकीचं घर लहान. काकांची तिथे झोपायची सोय नव्हती, म्हणून ते रोज सकाळी सायकलने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. काकूंचं जेवण जवळजवळ सुटलं होतं. दहीभात तेवढा जायचा, तोही काकांनी लावलेल्या कवडी दह्याचा. पिशवीतल्या दह्याकडे त्या ढुंकूनही बघत नसत. शिवाय अट अशी, की चमचा घातल्यावर वडी कापल्यासारखा स्वच्छ कोपरा निघाला पाहिजे.

आता शनिवार पेठेतून वारज्यापर्यंत दही न मोडता नेऊन दाखवा! मध्ये खोदलेला रस्ता, बुजवलेला रस्ता, बुजवून पुन्हा खोदलेला रस्ता, एक वर तर एक खाली अशी गटाराची झाकणं, आणि प्रत्येक सोसायटीने हौसेने घातलेला गतिरोधक.

काकांची सायकल जावयाने दिलेली, बारीक टायरची, वाकून चालवायची. "टायर कसा दगड पाहिजे!" हे तेव्हाचं त्यांचं मत. पहिल्या दिवशी मीही माझी सायकल काढून सोबत गेलो होतो. काकूंनी डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांबून ताक आणलंत? रवी सायकललाच बसवलीय वाटतं."

मी हसलो. मग काकूंनी ताट बाजूला सारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. काका रिकाम्या चमच्याकडे बघत बसले. माझं हसू तिथेच विरलं.

परतताना मी म्हटलं, "काका, रिक्षाने न्या ना."

"रिक्षावाले खड्डा चुकवत नाहीत रे, निवडतात."

मग प्रयोग सुरू झाले. आधी स्प्रिंगची गादीदार सीट आली. "मी सुखी झालो, दही नाही," असा निकाल लागला. दुकानदाराने शॉकअपची सायकल फिरवायला दिली. ब्रेक दाबला की ती पुढे डुलायची आणि दही डब्याच्या काठावर चढायचं. "ही सायकल कसली, पाळणा आहे," म्हणून काकांनी ती परत केली. मागच्या कॅरिअरवरचा डबा पुढच्या बास्केटमध्ये, जुन्या टॉवेलच्या घडीवर आला. हँडल उंच झालं. "वाकून बसलं की खड्डा मनगटातून मानेत शिरतो. ताठ बसलं की निदान येताना दिसतो."

खरा फरक टायरने पडला. दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून पुढच्या चाकाच्या चिमट्यात मावेल तेवढा जाड टायर आम्ही बसवला आणि हवा कमी केली. उत्साहात जरा जास्तच कमी केली. पहिल्याच खड्ड्यात रिम रस्त्याला टेकली आणि ट्यूब दोन्हींत चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. काका रस्त्याच्या कडेला बसून म्हणाले, "पेरू फार पिकला." तिथून पेरूचं माप ठरलं. मागच्या चाकावर आपलं वजन, म्हणून तो कच्चा. पुढचा पिकायला आलेला, अंगठा किंचित आत गेला पाहिजे. गतिरोधक दिसला की दोन्ही पेडल एका पातळीत, गुडघे सैल आणि बूड वर. पांढरा शर्ट घातलेले काका प्रत्येक गतिरोधकावर राष्ट्रगीत सुरू झाल्यासारखे उभे राहत. मागचे स्कूटरवाले हॉर्न द्यायचेही विसरत.

अखेर एका सकाळी काकूंनी झाकण उघडलं, चमचा घातला. स्वच्छ कोपरा निघाला. काकूंनी तो भातावर ठेवला, नवऱ्याकडे न बघता विचारलं, "मीठ कुठाय?"

काकांनी माझ्याकडे बघून भुवई उडवली. त्या घरात याहून मोठी दाद मी कधी ऐकली नाही.

काकू सावरल्या. वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत यायला लागल्या. सायकल फाटकात शिरली की वरूनच विचारायच्या, "दही आलं की ताक?" पुढे पुष्कळ दिवस त्यांनी ते दही खाल्लं, आणि एका पहाटे झोपेतच गेल्या.

दिवस झाल्यावर काका माझ्या दारात आले. "तुझा पंप काढ. दगडासारखी भर. आता मोडण्यासारखं काही नाही."

मी भरली. काका निघाले आणि नदीच्या पुलावरूनच परत आले. पायरीवर बसले.

"काय झालं?"

"प्रत्येक खड्ड्याला ऐकू येतं रे. 'अहो, ताक करताय का?'"

मग वाकून त्यांनी स्वतःच हवा सोडली. फुस्स आवाज बराच वेळ येत राहिला. अंगठ्याने दाबून बघितलं, पुन्हा थोडी सोडली. "हां. पिकला."

यथावकाश गुडघ्यांनी तीन जिन्यांना नकार दिला आणि काकाही लेकीकडे, काकूंच्या रिकाम्या जागी राहायला गेले. आता दह्याचा रस्ता उलटा झालाय. एखाद्या रविवारी खाली घंटी वाजते. काका जिना चढत नाहीत, मीच वाटी-चमचा घेऊन उतरतो. ते बास्केटमधून डबा काढतात, टॉवेल बाजूला करतात आणि उगाच दुसरीकडे बघत उभे राहतात. मी चमचा घालतो. कोपरा स्वच्छ निघतो. ओठांवर येणारं कौतुक मी गिळतो, चेहरा शक्य तितका कोरडा करतो आणि विचारतो, "मीठ कुठाय?"

काका खिशातून पुडी काढतात.